सांतोरिनीला क्रूझने जाताना: किनाऱ्यावर उतरणे, कडा चढणे आणि वेळेत परतणे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सांतोरिनी, म्हणजे सरकारी नावाने थिरा, हे एजियन समुद्रातल्या सिक्लाडीस द्वीपसमूहातील ग्रीक बेट आहे. क्रूझने येणाऱ्या प्रवाशाच्या हाती येथे साधारण सहा ते नऊ तास असतात. त्यातला मोठा भाग बोटीची वाट पाहण्यात आणि कडा चढण्या-उतरण्यात जातो. म्हणून येथे काय पाहावे यापेक्षा वर कसे जावे आणि खाली कधी यावे, याच प्रश्नांची उत्तरे पुढे अधिक विस्ताराने दिली आहेत.

जहाज थेट धक्क्याला का लागत नाही?

सांतोरिनीचा आकार चंद्रकोरीसारखा आहे आणि ही कोर ज्या पाण्याला कवेत घेते, ते पाणी म्हणजे ज्वालामुखीचे कोसळलेले विवर आहे. या विवराला काल्डेरा म्हणतात. सुमारे ३६०० वर्षांपूर्वीच्या प्रचंड उद्रेकानंतर भूमी खचली, समुद्र आत शिरला आणि आज दिसणारे उभे कडे मागे उरले. हे कडे पाण्यावर जसे उभे आहेत तसेच पाण्याखालीही खोल जातात. काल्डेऱ्यात अनेक ठिकाणी ३०० मीटरहून अधिक खोली असल्याने मोठ्या जहाजांना नेहमीसारखा नांगर टाकता येत नाही. काही जहाजे बोयांना, म्हणजे तळाशी बांधलेल्या तरंगत्या पिंपांना, बांधली जातात, तर बाकीची इंजिने चालू ठेवून जागेवर तरंगत राहतात. प्रवाशांना लहान बोटींनी, म्हणजे टेंडरने, किनाऱ्यावर नेले जाते. या बोटी बहुधा जहाजाच्या नसून स्थानिक नावाड्यांच्या असतात. त्या मोठ्या आणि भक्कम असतात व खलाशी हात धरून चढवतात.

उतरवतात नेमके कुठे?

दोन ठिकाणे आहेत आणि त्यांतला फरक आधीच समजून घेतलेला बरा.

पहिले ठिकाण अथिनिओस हे फेरी बंदर. येथून गाडीरस्ता घाटासारखी वळणे घेत कड्यावर चढतो. जहाजाने आयोजित केलेल्या सहलींचे प्रवासी बहुतेक वेळा येथे उतरतात, कारण त्यांच्या बस धक्क्यावरच उभ्या असतात. दुसरे ठिकाण फिरा या मुख्य गावाच्या अगदी खाली असलेले जुने बंदर. स्वतंत्रपणे फिरणाऱ्यांना सहसा येथेच सोडतात. या बंदराला गाडीरस्ता नाही. टॅक्सी नाही, बसही नाही. डोक्यावर सुमारे २२० मीटर उंचीचा कडा आहे आणि त्याच्या काठावर पांढऱ्या घरांची एक ओळ दिसते, तेच फिरा.

सहलीच्या प्रवाशांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सकाळी अथिनिओसला उतरवले तरी संध्याकाळी त्यांना बहुधा फिरा गावात सोडले जाते आणि तेथून सगळ्यांसोबत जुन्या बंदरात उतरावे लागते. परतीची रांग कोणालाच टळत नाही.

टेंडर बोटीत लवकर जागा मिळावी म्हणून काय करावे?

बहुतेक जहाजांवर आधी सहलीचे गट सोडतात आणि मग इतरांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या देतात. या चिठ्ठ्या कुठे आणि किती वाजता मिळणार, ते आदल्या रात्री केबिनमध्ये येणाऱ्या दैनंदिन पत्रकात छापलेले असते. ते वाचून वाटप सुरू होण्यापूर्वी तेथे हजर राहावे. न्याहारी आदल्या दिवसापेक्षा लवकर उरकावी आणि एका कुटुंबातील सर्वांनी एकत्र जावे, कारण गैरहजर व्यक्तीच्या नावाने चिठ्ठी मिळेलच असे नाही. सकाळी वाचवलेला अर्धा तास कड्यावर नेणाऱ्या केबल कारच्या रांगेत तासाभराचा ठरू शकतो.

समुद्र खवळलेला असेल तर?

जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर उत्तरेकडून मेल्टेमी नावाचे जोरदार वारे वाहतात. टेंडर सुरक्षितपणे लावता येत नाही असे कप्तानाला वाटले, तर थांबा रद्द होतो. त्यावर वाद घालून उपयोग नाही. स्वतंत्रपणे आरक्षित केलेल्या गाडीचे किंवा मार्गदर्शकाचे पैसे अशा वेळी परत मिळतात की नाही, हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे.

जुन्या बंदरातून वर जाण्याचे मार्ग कोणते?

केबल कार, पायऱ्या आणि खेचरे असे तीन मार्ग आहेत. बंदरातून बोटीने बेटाच्या दुसऱ्या भागात जाणे हा चौथा मार्ग असून तो बऱ्याच जणांना माहीत नसतो.

केबल कारमध्ये सहा-सहा आसनांचे सहा डबे एकामागोमाग बांधलेले असतात. एक माळ वर जाते तेव्हा दुसरी खाली येते आणि प्रवासाला जेमतेम तीन मिनिटे लागतात. म्हणजे एका खेपेला ३६ माणसे. आता गणित करून पाहा. एका मध्यम जहाजावरचे ३००० प्रवासी वर नेण्यासाठी ऐंशीहून अधिक खेपा लागतात आणि काल्डेऱ्यात एकाच दिवशी तीन-चार जहाजे असू शकतात. रांग का लागते, हे एवढ्यावरून कळावे. तिकीट एका फेरीचे असते आणि स्वतंत्रपणे फिरणाऱ्याने ते स्वतः काढायचे असते. जाताना आणि येताना अशी दोन तिकिटे लागतात. खर्चाचा हिशोब करताना दुसरे तिकीट बरेचजण विसरतात.

बोटीचा पर्याय असा की जुन्या बंदरातच इया या दुसऱ्या प्रसिद्ध गावाला जाणाऱ्या बोटीची तिकिटे विकली जातात. ही बोट इया गावाच्या पायथ्याशी नेते, तेथून बस वर गावात सोडते आणि पुढे फिराला परत यायलाही बस मिळते. ज्यांना इया पाहायचेच आहे, त्यांनी सकाळी केबल कारच्या रांगेत उभे राहण्याआधी या बोटीची चौकशी जरूर करावी. माझ्या मते गर्दीच्या दिवशी हाच सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे, कारण त्यात एक रांग पूर्णपणे वाचते आणि कडा समुद्रातून पाहायला मिळतो तो वेगळाच.

पायऱ्या चढून जाता येईल का?

येईल, पण आधी त्या कशा आहेत ते जाणून घ्या. एकूण ५८८ पायऱ्या आहेत आणि ठिकठिकाणी त्यांवर आकडे लिहिलेले दिसतात. पायऱ्या रुंद आणि उतरत्या आहेत, त्यामुळे प्रत्येक पायरीवर दोन-तीन पावले टाकावी लागतात. दगड वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झाले आहेत आणि खेचरांची लीद जागोजागी पडलेली असते. सावली जवळजवळ नाही. धडधाकट माणसाला चढायला अर्धा ते पाऊण तास लागतो, तर उतरायला वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. उन्हाळ्यात दुपारी चढू नये. उतरण्यासाठी मात्र हा मार्ग खरोखर उपयोगी आहे. फक्त पायात पकड असलेले बूट हवेत, चपला नकोत.

मार्गात खेचरांचा तांडा समोरून किंवा मागून येतो. गळ्यातल्या घंटांचा आवाज आधी ऐकू येतो, मग नालांचा. वळणावर सहा-सात जनावरे एकदम अंगावर आल्यासारखी वाटतात. अशा वेळी दरीकडच्या कठड्याला टेकू नये. डोंगराकडच्या बाजूला स्थिर उभे राहावे, मुलांना आपल्या मागे घ्यावे आणि तांडा पुढे जाईपर्यंत हलू नये.

खेचरावर किंवा गाढवावर बसून जावे का?

माझे स्पष्ट मत आहे की बसू नये. ही जनावरे पूर्वी बंदरातून सामान वर नेत असत, कारण दुसरा मार्गच नव्हता. आज ती दिवसभर उन्हात माणसांची ने-आण करतात. ग्रीक सरकारने २०१८ मध्ये नियम केला की जनावरावर १०० किलोपेक्षा किंवा त्याच्या वजनाच्या एक पंचमांशापेक्षा अधिक भार घालू नये. नियम झाला, पण चढ तोच आहे आणि ऊनही तेच. बंदरात भिंतीच्या कडेला मान खाली घालून, पुढच्या फेरीची वाट पाहत उभ्या असलेल्या खेचराकडे क्षणभर पाहिले तरी उत्तर मिळते. चालवत नसेल तर केबल कारने जावे.

परत उतरण्यासाठी किती वाजता रांगेत उभे राहावे?

या पृष्ठावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. दिवसाची आखणी याच वेळेपासून उलटी करत यावे.

जहाजे एक बंदर सोडून दुसऱ्याकडे रात्रीच निघतात, म्हणून अनेक जहाजांची शेवटची टेंडर एकाच सुमारास असते. परिणामी दुपारनंतर फिरामधल्या वरच्या स्थानकाबाहेरची रांग गल्ल्यांतून, दुकानांसमोरून, वळणे घेत मागे जाते. गर्दीच्या दिवशी एक तास थांबणे नेहमीचे आहे आणि त्याहून अधिक वेळही लागू शकतो. शेवटच्या टेंडरच्या किमान दोन तास आधी फिरा गावात पोहोचलेले असावे आणि तीन-चार जहाजे दिसत असतील तर अडीच तास धरावेत. सकाळी वर पोहोचताच काल्डेऱ्यात किती जहाजे उभी आहेत ते मोजावे. संध्याकाळच्या रांगेचा तो सर्वांत भरवशाचा अंदाज असतो.

फिरामध्ये आल्यावर आधी रांगेचे टोक पाहावे. ती आटोक्याबाहेर असेल आणि गुडघे साथ देत असतील, तर वेळ न घालवता पायऱ्या उतरू लागावे. पायऱ्यांचा निर्णय शेवटच्या वीस मिनिटांत घेऊ नये, कारण तेव्हा माणूस घाईने उतरतो आणि गुळगुळीत दगडावर घाईसारखा धोका नाही. रांगेत थांबलेल्या एका वयस्कर जोडप्याला मी वारंवार घड्याळ पाहताना बघितले आहे. त्यांचा सगळा दिवस छान गेला होता, पण शेवटच्या त्या तासाने चेहऱ्यावरचा आनंद पुसून टाकला होता. हे सहज टाळता येते.

आणखी एक बारीक गोष्ट. जहाजावरची वेळ आणि ग्रीसची स्थानिक वेळ एकच असेल असे गृहीत धरू नये. इटलीहून निघालेली जहाजे कधी कधी स्वतःची वेळ बदलत नाहीत आणि ग्रीसचे घड्याळ इटलीच्या एक तास पुढे असते. मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागतो. टेंडरची वेळ कोणत्या घड्याळाने आहे, ते उतरण्यापूर्वी विचारून घ्यावे.

जहाजाची सहल घ्यावी की स्वतंत्र फिरावे?

अक्रोतिरी या प्राचीन नगराच्या उत्खननस्थळासारखे दूरचे ठिकाण, सोबत ज्येष्ठ व्यक्ती आणि हाती कमी तास, असे असेल तर जहाजाची सहल घ्यावी. लवकर उतरवतात, बस धक्क्यावर मिळते आणि सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते. स्वतंत्र प्रवाशासाठी ते थांबत नाही. फक्त फिरा आणि इया पाहायचे असेल, तर सहलीची गरज नाही.

फिराहून इयाला आणि इतरत्र कसे जावे?

आधी उच्चाराविषयी. रोमन स्पेलिंगमुळे अनेकजण "ओइया" म्हणतात, पण स्थानिक लोक "इया" म्हणतात. बसचालकाला विचारताना उपयोग होईल.

बेटावरची सार्वजनिक बस केटेल या संस्थेची आहे आणि तिचे मुख्य स्थानक फिरामध्ये, केबल कारपासून चालत साधारण दहा मिनिटांवर आहे. सगळे मार्ग येथूनच फुटतात. म्हणून इयाहून अक्रोतिरीला जायचे असेल तरी फिराला येऊन बस बदलावी लागते. इया सुमारे ११ किलोमीटरवर असून बसला साधारण अर्धा तास लागतो. भाडे माफक आहे, पण सुटे युरो जवळ ठेवावेत. गर्दीत उभ्याने प्रवास करावा लागतो आणि बस भरली तर पुढच्या बसची वाट पाहावी लागते, त्यामुळे इयाहून शेवटच्या सोयीच्या बसवर विसंबू नये, तिच्या आधीची पकडावी.

टॅक्सी संपूर्ण बेटावर फारच कमी आहेत. रस्त्यात हात दाखवून मिळेल अशी आशा धरू नये. गाडी हवीच असेल तर चालकासह आधीच ठरवावी आणि ती फिरामध्ये भेटेल हे लक्षात ठेवावे, कारण जुन्या बंदरात ती येऊच शकत नाही. चारचाकी क्वाड बाइक भाड्याने मिळतात, परंतु भारतीय वाहन परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो आणि अरुंद, वळणदार रस्त्यांवर मोठ्या बसच्या मधून ती चालवणे सोपे नाही. एका दिवसाच्या थांब्यासाठी मी तिचा सल्ला देणार नाही.

फिरा ते इया कड्याच्या माथ्यावरून पायवाट आहे. फिरोस्तेफानी आणि इमेरोविग्ली ही गावे ओलांडत जाणारी ही वाट साधारण दहा किलोमीटरची असून तिला तीन ते चार तास लागतात. पूर्ण वाटेला वेळ नसेल तर फक्त इमेरोविग्लीपर्यंत चालावे. अर्ध्या-पाऊण तासात गर्दी मागे पडते आणि सगळा काल्डेरा उजेडात पसरलेला दिसतो. तिकीट न काढता मिळणारी या बेटावरची सर्वांत सुंदर गोष्ट हीच, असे मला मनापासून वाटते.

एवढ्या वेळात काय काय पाहून होईल?

दोन ठिकाणे निवांत होतात. तिसरे घातले की दिवस बसमध्ये जातो.

इतिहासाची ओढ असेल तर अक्रोतिरी निवडावे. त्या प्राचीन उद्रेकाच्या राखेखाली हे कांस्ययुगीन नगर गाडले गेले. स्पिरिदॉन मारिनातोस यांनी १९६७ मध्ये येथे उत्खनन सुरू केले. दुमजली-तिमजली घरे, सांडपाण्याची व्यवस्था आणि धान्याचे रांजण जागच्या जागी दिसतात. मानवी सांगाडे मात्र जवळजवळ सापडले नाहीत, यावरून रहिवाशांना वेळीच निघून जाता आले असावे असे मानले जाते. उत्खननस्थळावर छप्पर असल्याने भर उन्हातही पाहणे सुसह्य होते. तेथील काही भित्तिचित्रे आणि सोन्याचा छोटा रानबोकड फिरामधल्या प्रागैतिहासिक थिरा संग्रहालयात आहेत, आणि ते बस स्थानकाजवळच असल्याने रांगेआधीच्या तासाभरात पाहून होते.

गावपण पाहायचे असेल तर इयापेक्षा पिर्गोस हे गाव बरे. कामारी आणि पेरिसा हे काळ्या वाळूचे किनारे पूर्वेकडे आहेत. वाळू उन्हात पाय भाजण्याइतकी तापते. लाल किनाऱ्यावर दरडी कोसळण्याचा धोका असल्याने तेथील इशारे पाळावेत.

इयाचा सूर्यास्त पाहून जहाज गाठता येईल का?

उन्हाळ्यात सूर्य साडेआठच्या सुमारास किंवा त्यानंतर मावळतो. जहाज रात्री उशिरा सुटत असेल तरच विचार करावा, कारण सूर्यास्तानंतर हजारो माणसे एकाच वेळी बसकडे वळतात. अन्यथा जहाजाच्या डेकवरून पाहावा. काल्डेऱ्यातून दिसणारा सूर्यास्त कमी प्रतीचा नसतो.

चाकाची खुर्ची, गुडघेदुखी किंवा लहान मुले असतील तर?

चाकाच्या खुर्चीसाठी हा थांबा अवघड आहे आणि हे आधी स्पष्ट सांगितलेले बरे. टेंडरमध्ये पाऊल टाकून चढावे लागते, केबल कारचे फलाट उतारामुळे पायऱ्यापायऱ्यांचे आहेत आणि वर गेल्यावरही गल्ल्या पायऱ्यांच्याच आहेत. जहाजाच्या सहल कक्षात अथिनिओसहून जाणारी आणि तेथेच परत आणणारी सहल आहे का, ते विचारावे. गुडघे दुखत असतील तर फिरामध्येच एका जागी बसून दृश्य पाहावे. बाळगाडीऐवजी पाठीवरची झोळी न्यावी.

क्रूझ प्रवाशांवर शुल्क आणि मर्यादा आहे म्हणतात, ते काय?

बेटाची कायमची लोकसंख्या साधारण साडेपंधरा हजार आहे आणि २०२३ मध्ये सुमारे ८०० जहाजांतून १३ लाख क्रूझ प्रवासी येथे आले. या भारामुळे दिवसाला ८००० क्रूझ प्रवाशांची मर्यादा ठरवली गेली. जुलै २०२५ पासून ग्रीसने क्रूझ प्रवाशांवर शुल्कही लावले. सांतोरिनी आणि मिकोनोस येथे ते जून ते सप्टेंबर या काळात दरडोई २० युरो असून इतर महिन्यांत कमी आहे. ते जहाज कंपनीमार्फत घेतले जाते, धक्क्यावर भरावे लागत नाही.

कोणता व्हिसा लागतो?

भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातील अनेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागतो. जहाज मध्येच तुर्कस्तानातील बंदराला लागत असेल, तर तेथे जाताना आपण शेंगेन क्षेत्राबाहेर पडतो आणि परतताना पुन्हा आत येतो. म्हणून एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा घ्यावा.

गावात वावरताना कोणती काळजी घ्यावी?

इया आणि फिरामधील गल्ल्या फारच अरुंद आहेत आणि निळ्या घुमटाखालचे गच्चीसारखे दिसणारे पांढरे सपाट भाग बहुधा कोणाच्या तरी घराचे छत असतात. छायाचित्रासाठी त्यांवर चढू नये. फाटक बंद असेल तर ती वाट सार्वजनिक नाही, असे समजावे. एक छायाचित्र झाले की बाजूला व्हावे, कारण मागे उभा असलेला माणूस कदाचित सामान घेऊन घरी निघालेला असतो. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. नळाचे पाणी पिऊ नये, बाटलीचे घ्यावे. शौचालयात कागद भांड्यात न टाकता शेजारच्या डब्यात टाकावा, कारण तेथील सांडपाण्याच्या नळ्या अरुंद असतात.

भूकंप आणि ज्वालामुखीची भीती बाळगावी का?

ज्वालामुखी सक्रिय आहे. काल्डेऱ्याच्या मध्यावर दिसणाऱ्या नेआ कामेनी बेटावरचा शेवटचा उद्रेक १९५० मधला आहे. ९ जुलै १९५६ च्या मोठ्या भूकंपात येथील कित्येक घरे कोसळली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत लागोपाठ धक्के बसल्यामुळे हजारो लोक तात्पुरते बेट सोडून गेले. या परिसरावर शास्त्रज्ञांचे सतत लक्ष असते. भूकंप जाणवल्यास कड्याच्या काठापासून दूर, मोकळ्या जागेत जावे आणि समुद्रकिनारी असाल तर लगेच उंचावर जावे.

जहाज चुकलेच तर?

घाबरून धक्क्यावर बसून राहू नये. दैनंदिन पत्रकावर बंदरातील प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक छापलेला असतो, म्हणून सकाळी निघतानाच त्या पानाचे छायाचित्र मोबाइलमध्ये घ्यावे. प्रवासी परतला नाही असे लक्षात आल्यावर जहाजावरचे कर्मचारी बहुतेक वेळा त्याचे पारपत्र याच प्रतिनिधीकडे सोपवतात. पारपत्राची आणि व्हिसाची छायाप्रत, एक बँक कार्ड आणि रोजची औषधे मात्र आपल्याजवळच असावीत. पुढच्या बंदराला स्वखर्चाने जावे लागते. त्यासाठी फेरी जुन्या बंदरातून नव्हे, तर अथिनिओसहून सुटतात आणि विमानतळ बेटाच्या पूर्वेस, कामारीजवळ आहे. दोन्हीकडे जायला फिराहूनच बस मिळते, म्हणून अशा वेळी पुन्हा केबल कारने वर यावे आणि मगच पुढच्या प्रवासाची तिकिटे शोधावीत.